छोट्या फाउंड्रीला पर्यावरणाचा विचार परवडतो का?

एका फाउंड्रीमालकाच्या मुलाचा प्रश्न असा आला आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली ग्रे आयर्नची (ओतीव लोखंडाची) फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना, साठ-पासष्ट कामगार, महिन्याला दोनशे टनांच्या आसपास चांगला माल. मुलगा एमबीए करून धंद्यात आला आहे. मालकाची दृष्टी पर्यावरणाची असेल तर छोट्या कंपन्यांची कामगिरीही सुधारते, असे त्याने शिकताना काही अभ्यासांत वाचले. वडिलांचे म्हणणे, ही मोठ्या कंपन्यांची कामे. आपले वीजबिल आणि पगार वेळेवर निघाले तरी पुष्कळ. दोघांपैकी कोणाचे खरे, आणि सुरुवात करायची तर कुठून?

मी बरीच वर्षे फाउंड्री आणि फोर्जिंगच्या कारखान्यांत एनर्जी ऑडिटचे काम करतो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो. पर्यावरणासाठी फाउंड्रीत जे जे करायचे असते त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग पैसे वाचवतो, तोही लवकर. दुसरा भाग पैसे खातो आणि तरीही करावाच लागतो. वडील दुसऱ्या भागाकडे बघून बोलत आहेत, तुम्ही वाचलेली पुस्तके पहिल्या भागाकडे बघून. मालकाच्या दृष्टीचा खरा संबंध येतो तो या दोन भागांना जोडण्यात.

पहिल्या भागाची सुरुवात रिजेक्शनपासून, म्हणजे दोषामुळे बाद होणाऱ्या मालापासून करा. सोलर, एलईडी, झाडे हे सगळे नंतर.

फाउंड्रीत एक समजूत खोलवर बसलेली असते: रिजेक्ट झालेले कास्टिंग (ओतून तयार झालेला भाग) वाया जात नाही, ते परत भट्टीत जाते. लोखंड परत जाते हे खरे. पण ते वितळवायला लागलेली वीज, मोल्डिंगची (साचा बनवण्याची) वाळू, ती बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती, कोअरचे (आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचे) रेझिन, पोअरिंग (ओतणे) आणि फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणे) करणाऱ्या माणसांची पाळी, शॉट ब्लास्टचा (लोखंडी छर्रे मारून सफाईचा) वेळ, यातले काहीही परत येत नाही. आणि तेच लोखंड पुन्हा वितळवायला पुन्हा तेवढीच वीज लागते. छोट्या फाउंड्रीचा पर्यावरणावरचा मोठा भार इथे असतो आणि मोठा न दिसणारा खर्चही इथेच असतो.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. इंडक्शन भट्टीत एक टन कास्ट आयर्न पोअरिंगच्या तापमानापर्यंत न्यायला सिद्धांताप्रमाणे चारशेच्या आत युनिट पुरतात. प्रत्यक्षात बऱ्या चालणाऱ्या भट्टीला साडेपाचशे ते साडेसहाशे लागतात, ढिसाळ चालणाऱ्या भट्टीला सातशेच्या वर. तुमची भट्टी ६२५ घेते असे धरू. ओतलेल्या धातूपैकी रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेले लोखंड) वजा जाता ६५ टक्के कास्टिंग निघते आणि त्यातले ८ टक्के रिजेक्ट होते असेही धरू. मग पाठवण्याजोग्या एक टन मालामागे नुसत्या वितळवण्याचे सुमारे १,०४५ युनिट पडतात. रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणले तर हाच आकडा १,००२ होतो. त्याच्या जोडीला पॅटर्नच्या (साच्याच्या नमुन्याच्या) गेटिंग-रायझरिंगवर, म्हणजे धातूच्या या वाटांच्या आखणीवर, काम करून यील्ड (वरचे ६५ टक्के) ७० टक्क्यांवर नेले तर ९३०. म्हणजे टनामागे ११५ युनिट, दोनशे टनांना महिन्याला २३ हजार युनिट. नऊ रुपये दर धरला तर महिन्याचे दोन लाख रुपये, आणि यात वाळू, रेझिन, मजुरी धरलेलीच नाही. ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. त्या हिशेबाने महिन्याला १६ टन उत्सर्जन टळते. सगळ्याच जॉबला ७० टक्के यील्ड मिळत नाही, पातळ आणि किचकट कास्टिंगला तर नाहीच. पण सगळ्यात जास्त टनेज असलेले चार-पाच जॉब निवडून त्यांचे मेथडिंग, म्हणजे हीच आखणी, पुन्हा तपासून घेतले तर सुरुवात होते.

आता याची तुलना छतावरच्या सोलरशी करा. शंभर किलोवॅटच्या पॅनेलला साधारण हजार चौरस मीटर छत लागते आणि त्यातून महिन्याला बारा हजारांच्या आसपास युनिट मिळतात. तुमचा एकूण वापर महिन्याला अडीच लाख युनिटच्या पुढे असणार. म्हणजे पॅनेल लावून पाच टक्केही वीज भागत नाही. सोलरला माझा विरोध नाही, सवड झाली की जरूर लावा. पण ज्या कारखान्यात दहा टक्के रिजेक्शन आहे तिथे छतावर पॅनेल चढवून फोटो काढलेला मी पाहतो तेव्हा वाईट वाटते. ते पॅनेल दिवसभर जी वीज बनवतात, ती खाली रिजेक्ट माल पुन्हा वितळवण्यात जाते.

हे इतके सरळ असेल तर सगळे का करत नाहीत? इथे मालकाचा स्वभाव आडवा येतो, किंवा मदतीला येतो.

बहुतेक छोट्या फाउंड्रीत खरे रिजेक्शन कुणालाच माहीत नसते. रजिस्टरमध्ये तीन टक्के लिहिलेले असते. पण फेटलिंगमध्ये तडा दिसलेले, ब्लो होल (वायूमुळे पडलेली पोकळी) असलेले, कोअर सरकलेले कास्टिंग कुणी लिहीत बसत नाही, ते सरळ चार्जच्या (भट्टीत टाकायच्या मालाच्या) ढिगात जाते आणि पुढच्या हीटमध्ये (भट्टीच्या खेपेत) वितळते. पुरावा तासाभरात नाहीसा. माणसे असे का करतात? मालक आकडा वाढला की ओरडतो, सुपरवायझरचे पैसे कापतो, मोल्डरला सगळ्यांसमोर बोलतो म्हणून. जिथे आकडा सांगणाऱ्याला शिक्षा होते तिथे आकडे मिळत नाहीत. ऑडिटच्या पहिल्या दिवशी मी रजिस्टर बाजूला ठेवतो. महिन्यात किती धातू ओतला आणि किती टन माल गेटबाहेर गेला, या दोन वजनांवरून उलटा हिशेब करतो. रजिस्टर आणि हा हिशेब यांतली तफावत पाहिली की त्या कारखान्यात मालकाशी लोक किती मोकळेपणाने बोलतात याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

तेव्हा तुमचे पहिले काम तांत्रिक नाही. पहिले तीन महिने रिजेक्शनवर कुणालाही दंड नाही, असे जाहीर करा आणि ते पाळा. रिजेक्ट माल चार्जच्या ढिगात न टाकता लाल रंगाने आखलेल्या एका जागेत ठेवा. प्रत्येक तुकड्यावर खडूने जॉब आणि दोष लिहा. रोज सकाळी पहिली हीट निघायच्या आधी तुम्ही स्वतः तिथे मोल्डिंग सुपरवायझर, मेल्टर आणि फेटलिंगचा मुकादम यांच्यासोबत दहा-पंधरा मिनिटे उभे राहा. दोष कुणाचा हे विचारू नका. वाळूचा ओलावा किती होता, पोअरिंगचे तापमान किती होते, कोअर किती तास आधी काढला होता, हे विचारा. आकडा आधी वाढेल. तीनचा नऊ झालेला दिसला की वडील म्हणतील, बघ, तू आल्यापासून रिजेक्शन वाढले. हा टप्पा निभावून नेणे, माझ्या मते, सगळ्या कामातला अवघड भाग आहे. यावर आधीच वडिलांशी बोलून ठेवा.

उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली मुले तुमच्याकडे असतील तर रिजेक्शनचे आकडे लावायचा बोर्ड मराठीसोबत हिंदीतही लिहा. आणि बचतीतला ठरावीक हिस्सा महिन्याच्या महिन्याला त्या पाळीच्या लोकांना रोख बोनस म्हणून द्या. मेल्टरला भट्टीची जेवढी माहिती असते तेवढी आम्हा ऑडिटरांना कधीच नसते. त्याला कुणी विचारत नाही एवढेच.

विचारले की मग बाकीच्या गोष्टी त्याच्याकडूनच कळतात. रनर-रायझर वाळूसकट चार्ज होतात. ती वाळू वितळवण्यात वीज जाते, स्लॅग (मळी) वाढतो, भट्टीचे लाइनिंग (आतले अस्तर) लवकर खराब होते. परत येणारा माल शॉट ब्लास्ट किंवा टंबलिंग (ड्रममध्ये घोळवणे) करून टाकला की टनामागे काही युनिट लगेच खाली येतात. मोल्ड तयार नाहीत म्हणून वितळलेला धातू भट्टीत तिष्ठत राहतो. झाकण आहे, पण बिजागरी मोडल्यामुळे कोपऱ्यात पडलेले आहे. कॉम्प्रेसरची गळती तर सगळीकडेच. सात बार दाबाला तीन मिलिमीटरच्या एका भोकातून तीनेक किलोवॅट वाया जातात. कॉम्प्रेसर चोवीस तास चालत असेल तर वर्षाला वीस हजारांवर युनिट. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि शेडमध्ये फिरा, गळती कानाला ऐकू येते. दाब एका बारने उतरवता आला तर कॉम्प्रेसरची साधारण सहा-सात टक्के वीज वाचते.

तुम्ही अभ्यासांचा उल्लेख केला आहे, म्हणून त्याबद्दल. छोट्या कंपन्यांवरचे या विषयातले पुष्कळ अभ्यास प्रश्नावलीवर उभे असतात. एकाच मालकाला विचारतात, तुमची पर्यावरणाची दृष्टी कशी आहे आणि तुमचा धंदा कसा चालला आहे? जो स्वतःवर खूश असतो तो दोन्हीकडे चांगलेच लिहितो. शिवाय ज्याचा धंदा आधीच चांगला चालतो त्याला पर्यावरणावर खर्च करायला सवड असते, त्यामुळे आधी काय आणि मागून काय हे उलगडत नाही. अशा अभ्यासांवर फार भिस्त ठेवू नका.

माझा भर असतो तो आपल्या अगदी जवळच्या एका प्रयोगावर. तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड गिरण्यांमध्ये स्टॅनफर्ड आणि वर्ल्ड बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी काही कारखान्यांना महिनोन्‌महिने व्यवस्थापनाचा सल्ला मोफत पुरवला आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना केली. दोष रोज नोंदवणे, यंत्रे वेळेवर तेलपाणी करून ठेवणे, साठा मोजून मांडणे, अशा साध्या गोष्टी होत्या. सल्ला मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे पर्यावरणाचा विषयही नव्हता. पण ब्रिटनमधल्या कारखान्यांवरचा २०१० चा एक अभ्यास याच्या शेजारी ठेवून बघा: व्यवस्थापनात खालच्या पाव भागाच्या सीमेवर असलेल्या कारखान्यापेक्षा वरच्या पाव भागाच्या सीमेवरचा कारखाना तेवढ्याच उत्पादनाला सुमारे १७ टक्के कमी ऊर्जा वापरतो, असे त्यात दिसले. म्हणजे चांगला चालवलेला कारखाना स्वच्छही असतो, कारण धूर, राख, टाकलेली वाळू आणि फुकट गेलेली वीज ही सगळी शेवटी पैसे मोजून विकत घेतलेली सामग्रीच असते.

आता दुसरा भाग. इथे मी तुम्हाला बचतीचे आमिष दाखवणार नाही.

नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणे) आणि फेटलिंगमध्ये उडणारी बारीक वाळू म्हणजे सिलिका. ती फुफ्फुसात वर्षानुवर्षे साठते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही, आणि कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. ग्राइंडर चालवणारा माणूस चाळिशीत धापा टाकू लागतो, काम सोडून गावी जातो, आणि कारखान्याच्या कुठल्याच ताळेबंदात त्याची नोंद होत नाही. यावर नुसता मास्क पुरत नाही. धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारे हूड, डक्ट आणि बॅग फिल्टर लागतात. त्याला पैसे लागतात, ब्लोअरला वीज लागते, फिल्टरच्या बॅगा बदलाव्या लागतात. टनामागचे युनिट थोडे वाढतील. हे परवडते का असे विचारू नका, ते करायचेच आहे. पर्यावरणाच्या बाबतीत मालक म्हणून तुमची पारख इथे होते, कारण पहिल्या भागातली कामे कुठलाही हिशेबी माणूस फायद्यासाठी करतोच.

टाकाऊ वाळूचेही थोडे तसेच. नो-बेक वाळू (रेझिनने न भाजता घट्ट होणारी) असेल तर यांत्रिक रिक्लमेशनने (वाळू साफ करून परत मिळवण्याने) ऐंशी टक्क्यांवर वाळू पुन्हा वापरता येते. नव्या वाळूचा आणि ती टाकण्याचा असा दोन्हीकडचा खर्च वाचतो, म्हणून तो प्रकल्प पहिल्या भागात बसतो. ग्रीन सँड (ओलसर साचेवाळू) मात्र कोल डस्ट आणि बेंटोनाइटने भरलेली असते, ती कुणाला तरी द्यावी लागते. पेव्हर ब्लॉक आणि विटा बनवणारे ती घेतात, पण ट्रक कुठे रिकामा होतो हे स्वतः जाऊन पाहा आणि चलन जपून ठेवा. पंचगंगेच्या काठावर किंवा ओढ्यात आपल्या कारखान्याची काळी वाळू सापडायला नको. त्या नदीचे पाणी आपलीच माणसे पितात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. अनेक दिवस ना स्क्रॅप आत येत होते ना माल पुण्याला जात होता. नदी-ओढ्यांची पात्रे भरत जाणे हा आपल्या भागातल्या उद्योगांना अंगाशी येणारा विषय आहे.

बाजार या सगळ्याकडे कसा बघतो? सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यातल्या पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा बीआरएसआर अहवाल सक्तीचा केला. त्यामुळे मोठ्या ऑटो कंपन्या पुरवठादारांना प्रश्नावल्या पाठवू लागल्या आहेत. युरोपच्या कार्बन सीमा करात (आयात मालाच्या उत्सर्जनावरच्या करात) १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांची जबाबदारी सुरू झाली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण या कराच्या नावाने पुष्कळ घबराट पसरवली जाते. लोखंडी पाइप फिटिंग्ज त्याच्या यादीत आहेत, पण वाहनांचे सुटे भाग म्हणून जाणारी कास्टिंग या टप्प्यात नाहीत. तुमचा माल कुठल्या एचएसएन कोडखाली (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाखाली) जातो ते आधी बघा, मग सल्लागाराला पैसे द्या. खरेदीदाराची प्रश्नावली आली तर जे आकडे तुमच्याकडे आहेत तेवढेच भरा. टनामागचे युनिट, रिजेक्शन, टाकलेली वाळू हे तीन आकडे बारा महिन्यांचे असतील तर तुम्ही बहुतेक पुरवठादारांच्या पुढे असाल. भाव लगेच वाढवून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मला दिसते ते असे की, नवा जॉब कुणाला द्यायचा ही चर्चा होते तेव्हा असा पुरवठादार यादीत टिकतो.

पैशांसाठी दोन दारे ठोठवा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने (बीईई) जुलै २०२५ मध्ये सुरू केलेल्या एडीईईटीआयई योजनेत ऊर्जाबचतीच्या यंत्रसामग्रीच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे, आणि फाउंड्री हे त्यातल्या चौदा क्षेत्रांपैकी एक आहे. केंद्राच्या झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) प्रमाणपत्राच्या फीमध्ये सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के अनुदान मिळते. प्रमाणपत्राची फ्रेम भिंतीवर लावून काही होत नाही, पण त्यासाठी ज्या नोंदी ठेवाव्या लागतात त्या उपयोगी पडतात.

वडिलांशी वाद घालू नका. बोअरिंग (मशीनिंगमध्ये निघणारा लोखंडाचा कीस) गोळा करून वापरणारी, रिकामी गोणीही न टाकणारी, दिवा स्वतः उठून बंद करणारी ती पिढी. त्यांना कार्बन सांगू नका, वर मांडलेला ११५ युनिटांचा हिशेब तुमच्या स्वतःच्या बिलावरून मांडून दाखवा. मेल्टर त्यांच्या विश्वासातला असेल तर त्याच्यासमोरच दाखवा. रिजेक्शनच्या सकाळच्या फेरीला त्यांनाच सोबत बोलवा. कास्टिंग नुसते वाजवून त्यातला दोष सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

आणि पहिल्या भागातून जी बचत होईल तिचा अर्धा हिस्सा दर महिन्याला बँकेत वेगळ्या खात्यात टाका, फेटलिंगच्या डस्ट कलेक्शनसाठी. चालू खात्यात राहिलेली बचत स्क्रॅपच्या पुढच्या गाडीत जाते, मग धुळीचे काम वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते. महिन्याला लाखभर जमले तर छोट्या फेटलिंग शॉपचे हूड आणि फिल्टरचे काम टप्प्याटप्प्याने सुरू करता येते. डस्ट कलेक्शन बसेपर्यंत थांबायचे नाही असे एक काम आहे: फेटलिंग आणि नॉकआउटवरच्या सगळ्यांचे छातीचे एक्स-रे आणि फुफ्फुसाची तपासणी याच महिन्यात करून घ्या, कंत्राटदाराच्या माणसांसह. ज्यांच्या फुफ्फुसात काही दिसेल त्यांना त्याच पगारावर धुळीपासून लांबच्या कामावर घ्या.